ससाणे मळ्यातला दवाखाना

तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना रंगीत तालीम नवी नाही. घिवली, उच्छेळी, दांडी, चिंचणी या पट्ट्यातल्या माणसांना आणीबाणीच्या सरावाचे नियम थोडेफार तरी ऐकून माहीत असतात. घरात जायचे, दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, पाणी आणि अन्न झाकायचे, सूचना येईपर्यंत बाहेर पडायचे नाही. पलीकडे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळतीची मॉक ड्रिल होते. अग्निशमनची गाडी धावते, रुग्णवाहिका येते, कुणीतरी हातात घड्याळ धरून किती मिनिटे लागली ते लिहून घेते. दोन-चार चुका निघतात. त्या निघाव्यात यासाठीच तर सराव असतो.

फ्लूची मोठी साथ आली तर काय, याचा असा सराव मात्र सहसा पाहायला मिळत नाही. त्या साथीत भोंगा वाजत नाही आणि धावत जाऊन विझवावे असेही काही नसते. बहुसंख्य आजारी माणसे रुग्णालयात नसतात, घरी अंथरुणावर असतात. तेव्हा खरा प्रश्न खाटांचा नसतो. या माणसांना पाणी कोण पाजणार, ताप कोण पाहणार, श्वास लागला तर ते कुणाच्या लक्षात येणार आणि घरातली बाई स्वतःच पडली तर तान्ह्याचे काय, हे खरे प्रश्न. बोईसरच्या चाळीत एका खोलीत सहा-सात परप्रांतीय कामगार राहतात. मोखाड्याच्या पाड्यावर घरातली कर्ती माणसे वीटभट्टीवर गेलेली असतात आणि मागे म्हातारी व पोरे उरतात. या दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, उत्तरे मात्र वेगळी.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका बाईने हा प्रश्न अंगावर घेतला. तेव्हा त्यांचे वय ६६ होते. महाराष्ट्र त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्यातला मोठा भाग आजाऱ्याची, बाळंतिणीची आणि उपाशी पोराची सेवा करण्यात गेला. शाळेच्या फळ्यापुढे तो झाकला गेला आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, साताऱ्याकडच्या नायगावचा. वडील खंडोजी नेवसे पाटील. नवव्या वर्षी, १८४० मध्ये, त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. लिहिणे-वाचणे त्या सासरी शिकल्या, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढचे सगळ्यांना पाठ आहे: रस्त्यात अंगावर पडणारे शेण-चिखल, बरोबर नेलेले दुसरे लुगडे, सासऱ्यांनी घराबाहेर काढणे, उस्मान शेख यांच्या घरी मिळालेला आसरा, फातिमा शेख यांची सोबत. त्यात इथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच की रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी जाणे आणि लोकांनी कितीही अडवले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, ही सवय त्यांना विशीच्या आत लागली. शाळेला ती जितकी लागते तितकीच घरोघरच्या रुग्णसेवेला.

आरोग्याशी थेट संबंध असलेले पहिले मोठे काम १८६३ मधले. त्या काळी विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे मार्ग दोनच होते, जीव देणे किंवा जन्मलेले मूल मारणे. पुण्यात एका विधवेवर असाच खटला होऊन तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले पती-पत्नीने आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप या, सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, अशा अर्थाची पत्रके शहरात लावली. पुढच्या वीस-एकवीस वर्षांत पस्तीस स्त्रिया तिथे आल्याचे जोतीरावांनी १८८४ मध्ये नोंदवले आहे.

आकडा मोठा नाही, पण काम किती अवघड होते ते पाहावे. येणारी बाई घाबरलेली, बहुधा पोट बांधून महिने काढलेली, कुणालाही नाव न सांगणारी. बाळ अनेकदा अशक्त. त्याला ऊब द्यायची, दूध जमत नसेल तर तोंडात थेंब सोडायचे, नाळ स्वच्छ ठेवायची, आईला ताप येतो का ते पाहायचे, आणि हे सगळे दाराबाहेर बोभाटा न होऊ देता. नवजात बाळासाठी घरभेटी हा विषय आज आशा कार्यकर्तीच्या कामाचा कणा आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ही पद्धत सिद्ध करून दाखवली आणि मग ती देशाने उचलली. फुल्यांच्या घरात वजनकाटा नव्हता की थर्मामीटर, पण जन्मानंतरच्या दिवसांत कुणीतरी जाणते माणूस बाळाजवळ बसलेले असावे लागते, हे तिथे कळलेले होते. याच गृहात जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तो यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

१८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही घटना सामाजिक इतिहासात नोंदली जाते. आरोग्याच्या इतिहासातही तिची नोंद असायला हवी, कारण साथीच्या दिवसांत कोणत्या वस्तीला स्वच्छ पाणी मिळते आणि कोणत्या वस्तीला नाही, यावर पटकीपासून हगवणीपर्यंत सगळ्या रोगांचा नकाशा ठरत असे.

मग आला १८७६-७७ चा दुष्काळ. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे काढली, धनकवडीला मुलांसाठी बालाश्रम उघडला. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूरला गेल्या होत्या. तिथून २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते वाचताना दुष्काळाच्या वर्णनाइतकीच त्यातली कामाची पद्धत डोळ्यांत भरते. माणसे गाव सोडून चालली आहेत, गुरे मरत आहेत, कार्यकर्त्यांवर खोटा आळ घेऊन त्यांना पकडले आहे. अशा वेळी त्या थेट कलेक्टरला भेटतात आणि आपल्या माणसांना सोडवून आणतात. सरकारी अधिकाऱ्याशी भांडावे कधी आणि त्याच्याकडून काम करून घ्यावे कधी, हे त्यांना कळत होते. साथीच्या काळात प्रशासन आणि स्वयंसेवक यांच्यात हमखास खटके उडतात. आधीची ओळख असेल तर ते तासाभरात मिटतात, नसेल तर आठवडा जातो.

यानंतरचा टप्पा चरित्रांमध्ये बहुधा दोन ओळींत संपतो. तो खरे तर थांबून पाहण्यासारखा आहे. मे १८८८ मध्ये मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली आणि जुलैमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, पण औषधाने करण्यासारखे त्या काळी फार थोडे होते. उरली ती शुश्रूषा.

पक्षाघाताच्या रुग्णाची घरची सेवा म्हणजे काय, हे ज्यांनी केली आहे त्यांनाच कळते. दर काही तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास बारीक द्यायचा, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. अंगाखालचे कपडे कोरडे ठेवायचे, लुळा हात-पाय हलवत राहायचे, माणसाचे मन खचू द्यायचे नाही. पालघर-बोईसरकडे हल्ली अशा कामासाठी ब्युरोतून मावशी किंवा मामा बोलावतात. बारा तासांची पाळी, महिन्याचा पगार. सावित्रीबाईंची पाळी दोन वर्षांहून मोठी झाली. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. त्या पुस्तकाच्या मागे कुणाचे हात होते, हे वेगळे सांगायला नको. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. भाऊबंदांनी यशवंतच्या हक्कावरून वाद काढला, तेव्हा टिटवे हाती धरून सावित्रीबाई अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या.

पुढच्या काही वर्षांत आर्थिक ओढाताण होती, समाजाचे काम होते. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. यशवंत वैद्यकीय शिक्षण घेऊन लष्कराच्या सेवेत गेला. त्याचे लग्न हडपसरच्या ससाणे घराण्यात झाले होते. १८९५ मध्ये त्याची पत्नी वारली. हे नाते इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या त्याच मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. प्लेग. धान्याची गोदामे, दाट चाळी आणि उंदीर. बातमी पसरली तशी माणसे मुंबई सोडू लागली. काही महिन्यांत लाखो लोक बाहेर पडले. कुणी बोटीने कोकणात, कुणी रेल्वेने देशावर, कुणी पालघर-बोईसरवरून उत्तरेला जाणाऱ्या बी.बी.सी.आय.च्या गाडीने गुजरातेत. माणसांबरोबर बोचकी गेली आणि बोचक्यांबरोबर पिसवा गेल्या. आज डहाणू लोकल जशी रोज हजारो माणसे मुंबईत नेते आणि परत आणते, तसाच तो मार्ग होता. फ्लूसारख्या तापाला तर पिसवांचीही गरज नसते, एक खोकला पुरतो.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. उंदराच्या पिसवेमुळे तो माणसात येतो, हे मात्र १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंने दाखवले, आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ च्या पुण्यात रोग कसा पसरतो हे डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. हाफकिनची लस त्याच जानेवारीत मुंबईत नुकती तयार होत होती. प्रतिजैविके यायला अर्धे शतक बाकी होते. जांघेत किंवा काखेत गाठ, अंगात आग, भ्रम, आणि अर्ध्याहून अधिक रुग्ण काही दिवसांत संपणार. औषध नसले तरी पाणी होते, पेज होती, ओल्या फडक्याची घडी होती, मोकळी हवा होती. तेवढ्याने सगळे वाचत नाहीत, पण जे वाचू शकतात ते तहानेने आणि दुर्लक्षाने मरत नाहीत.

प्लेग पुण्यात शिरला तेव्हा सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतले. तो रजा काढून आला. दवाखाना कुठे काढायचा? गावात जागा देणार कोण, आणि दिली तरी शेजारी टिकू देतील का? इथे हडपसरचे नाते उपयोगी पडले. सासुरवाडीच्या ससाणे मळ्यात, शहरापासून दूर, उघड्या रानात दवाखाना उभा राहिला. जागा पाहुण्यांची, डॉक्टर घरचा, सेवा आईची. सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागली नाही.

उघड्या माळावर जाण्यात आणखी एक शहाणपण होते. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या टाकायच्या, हे खेड्यातल्या माणसांनी अनुभवाने ओळखले होते. पिसवेची गोष्ट कळण्याआधीच पिसवेपासून दूर जाण्याचा मार्ग त्यांना सापडला होता. विज्ञानाने कारण नंतर सांगितले.

सावित्रीबाई दवाखान्यात बसून राहिल्या नाहीत. त्या वस्त्यांमधून फिरत, कुणाच्या घरी माणूस पडले आहे का ते विचारत, त्याला मळ्यात आणवत. ज्या वस्त्यांत वैद्यही पाय ठेवत नव्हते तिथे त्या गेल्या. लोकांनी त्यांना दार उघडले, ते त्या फुल्यांच्या सावित्रीबाई होत्या म्हणून. शाळेमुळे, हौदामुळे, दुष्काळातल्या भाकरीमुळे ती ओळख पन्नास वर्षांत साठली होती. आरोग्य खात्यातले लोक ज्याला विश्वास म्हणतात आणि ऐन साथीत जो पत्रके वाटून मिळवू पाहतात, तो हाच. तो आधी कमवावा लागतो.

मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा लहान मुलगा प्लेगने पडल्याचे त्यांना कळले. नेण्यासाठी वाहन नव्हते, उचलायला कुणी पुढे येत नव्हते. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि मळ्यापर्यंत चालत आणले. मुलगा वाचला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ च्या रात्री त्यांचा मृत्यू झाला. महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हेही प्लेगनेच गेले होते.

तारखा जवळ ठेवून पाहिल्या तर एक विलक्षण गोष्ट दिसते. साथरोगांचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. याच कायद्याचा आधार घेऊन १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात करोनाचे निर्बंध लागू झाले. वॉल्टर रँडच्या अध्यक्षतेखाली पुण्याची प्लेग समिती ८ मार्च १८९७ च्या आदेशाने नेमली गेली. सावित्रीबाई गेल्या १० मार्चला. आणि १२ मार्चला सुमारे नऊशे सैनिक व अधिकारी प्लेगच्या कामावर रुजू झाले. मग सुरू झाल्या त्या घरझडत्या. माणसांना बाहेर काढून तपासणे, सामान जाळणे, आजाऱ्याला उचलून नेणे, सोवळे-ओवळे आणि बायकांची अब्रू यांचा विचार न करणे. लोक आजारी माणसे माळ्यावर, कोठीत लपवू लागले. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

समितीकडे माणसे होती, पैसा होता, अधिकार होता. साथ आटोक्यात आणण्याचा तिचा हेतूही खोटा नव्हता. पण आजाऱ्याचे घर हे तिच्या दृष्टीने झडतीचे ठिकाण होते. ससाणे मळ्यातल्या दवाखान्याकडे यातले काहीच नव्हते, तरी लोक तिकडे आपल्या पायाने आजारी माणसे पाठवत होते. सावित्रीबाईंचे काम फार छोटे होते, सगळ्या पुण्याला पुरणारे नव्हते, हेही खरेच. समितीचा आवाका आणि मळ्यातली रीत एकत्र आली असती तर काय झाले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

एकवीस वर्षांनी, १९१८ मध्ये, फ्लूची महासाथ आली. जूनमध्ये मुंबईत हलका फटका, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भीषण. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. खेड्यापाड्यांत तिला मानमोडी म्हणत. देशभरात सव्वा ते दीड कोटींच्या आसपास, काहींच्या मते त्याहून जास्त माणसे गेली. घरेच्या घरे एकाच वेळी अंथरुणावर पडली, हे तिचे वैशिष्ट्य. विहीर दारात असून पाणी ओढायला कुणी उभे राहू शकत नव्हते.

त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड नावाच्या परिचारिकेने वेगळा प्रयोग केला. ती १८९३ पासून तिथल्या गरीब वस्तीत घरोघर जाऊन रुग्णसेवा करत होती आणि तिच्या हेन्री स्ट्रीटच्या संस्थेत परिचारिकांचा मोठा ताफा तयार झाला होता. फ्लू आल्यावर शहरातल्या घरसेवेच्या वेगवेगळ्या संस्था एका परिषदेखाली आणल्या गेल्या. घरांच्या हाका एका जागी घ्यायच्या, भाग वाटून द्यायचे, एकाच घरी तीन संस्थांच्या बाया आणि शेजारच्या घरी कुणीच नाही असे होऊ द्यायचे नाही. शिकलेली परिचारिका फक्त तिच्यावाचून अडेल तिथे जायची. सूप करणे, कपडे धुणे, पोरे सांभाळणे ही कामे स्वयंसेवकांनी उचलली. १९२० च्या जानेवारीत फ्लू परत आला, तेव्हा हीच परिषद ताबडतोब पुन्हा उभी राहिली. पहिल्या वेळची धावाधाव दुसऱ्या वेळची तालीम ठरली. सावित्रीबाईंच्या बाबतीत १८६३, १८७७ आणि १८८८ ने जे केले तेच.

पण साथीची वाट पाहून तालीम करणे परवडणारे नाही. म्हणूनच जगभर आरोग्य यंत्रणा खोट्या साथीचा सराव करतात. त्यातला सर्वांत साधा प्रकार टेबलाभोवती बसून होतो. खर्च चहा-बिस्किटांचा. पालघरमध्ये तो कसा दिसेल? प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, चार आशा, एक परिचारिका, ब्युरो चालवणारी बाई, ग्रामपंचायतीचा सदस्य, कारखान्याचा सुरक्षा अधिकारी आणि औषधाचा दुकानदार, एवढी माणसे पुरतात. एक जण चिठ्ठ्या वाचतो. पहिला दिवस: बोईसरला एका खोलीतले तिघे कामगार तापाने पडले आहेत, ठेकेदार फोन उचलत नाही. तिसरा दिवस: गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे येणारी मावशी आजच्या गाडीने आली नाही. पाचवा दिवस: मास्क आणि पॅरासिटामॉल संपत आले. सहावा दिवस: जव्हारच्या पाड्यावर माणसे भट्टीवरून परतली आहेत, बरोबर खोकला आहे.

दर चिठ्ठीला उत्तर द्यायचे, आणि उत्तर नावानिशी. 'कुणीतरी जाईल' हे चालत नाही. मग उणिवा आपोआप बाहेर पडतात. घरी ऑक्सिजनवर असलेले, क्षयाचे औषध चालू असलेले, डायलिसिसला जाणारे, नुकत्याच बाळंत झालेल्या, एकटे राहणारे म्हातारे यांची एकत्र यादी कुणाकडेच नसते. ती चार वह्यांत आणि दोन फोनमध्ये विखुरलेली असते. रोजची भेट कुणाची एक दिवसाआड करता येईल आणि कुणाची एक दिवसही चुकवता येणार नाही, हे कुणी ठरवलेले नसते. सूचना मराठीत छापल्या जातात. ऐकणारे वारली, मांगेली, भोजपुरी, उडिया बोलत असतात. ब्युरोच्या मावशीला मास्क कुणी द्यायचा, ब्युरोने की घरमालकाने, यावर तर टेबलावरच भांडण होते. ते तिथे झालेले बरे. दुसऱ्यांदा सराव घेतला की अर्धी उत्तरे आधीच तयार असतात आणि नव्या चुका सापडतात.

या सरावातली एक चिठ्ठी मात्र सगळ्यांत अवघड. सेवा करणारीच आजारी पडली, आता तिच्या जागी कोण? आणि तिची सेवा कोण करणार? २००९ च्या स्वाइन फ्लूत आणि २०२० नंतरच्या करोनात हा प्रश्न गावोगाव आला. बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर 'बघू' असे होते. फ्लूची वार्षिक लस घरोघर जाणाऱ्यांना आधी द्यावी, मास्क आणि हात धुण्याची सोय त्यांच्याकडे आधी पोचावी, प्रत्येकीच्या मागे एक बदली नाव लिहिलेले असावे, ही उत्तरे महाग नाहीत.

ससाणे मळ्यात बदली नाव नव्हते. सावित्रीबाई पडल्या तेव्हा जवळ यशवंत होता, त्यांचा मुलगा आणि त्यांचा डॉक्टर. तो नंतर आपल्या नोकरीवर परतला. पुण्यात प्लेग पुढची अनेक वर्षे येत राहिला. अशाच एका फेरीत तो रुग्णांसाठी पुन्हा कामाला लागला आणि १९०५ मध्ये प्लेगनेच गेला.